खाली जाणारी दोरी

१

अर्विड लुंडीन गेली एकतीस वर्षे विकस्टॅडच्या साप्ताहिकात ‘पाणी आणि रान’ हे सदर लिहीत होता, आणि त्या एकतीस वर्षांत त्याने एकाही माशाचे वजन पाव पौंडाने वाढवून छापले नव्हते. शिकारी माणूस थापा मारतो हा सार्वत्रिक समज त्याला व्यक्तिशः अपमानास्पद वाटे. त्याची मते सगळ्या गावाला पाठ होती. ज्याचे अंग पूर्ण दिसत नाही त्यावर बंदूक रोखू नये. जखमी जनावराचा माग दिवस मावळला म्हणून सोडू नये. जेवढे खाणार तेवढेच मारावे. आणि आमिष दाखवूनच मारायचे असेल, तर ते आमिष आपल्या हाताने घडवावे. फसवणूक करायचीच, तर तिच्यात निदान मेहनत तरी असावी.

१९८७ च्या फेब्रुवारीतल्या तिसऱ्या मंगळवारी, सकाळी आठ वाजता, त्याने आपला ट्रक नेहमीप्रमाणे गोठलेल्या लिटल अँटलर सरोवरावर उतरवला. मिनेसोटाच्या उत्तर टोकाला या महिन्यात बर्फ अडीच फूट जाड असते आणि त्यावर ट्रक चालवणे हे कोणाला धाडस वाटत नाही. काठापासून अर्ध्या मैलावर त्याची अंधारी खोप उभी होती. सहा फूट लांब, सहा फूट रुंद, खिडकी नाही, आतून डांबरी कागद, कोपऱ्यात पत्र्याची शेगडी. जमिनीत चौकोनी तोंड, आणि त्या तोंडाखाली बर्फात करवतीने कापलेले, जेवणाच्या मेजाएवढे भोक.

दार लावून घेतले की खोपेत डोळ्यासमोरचा हातही दिसेनासा होतो, आणि मग पाणी उजळते. बाहेरचा दिवस बर्फातून झिरपून पाण्यात उतरलेला असतो. तो हिरवट होऊन खालून वर येतो. अंधारात बसलेल्या माणसाला तळ असा दिसतो, जसे काचेच्या कपाटातले भांडे दिसावे. ज्याला हे बघायला मिळाले नाही त्याला हिवाळा कळलाच नाही, असे अर्विडने एकदा छापले होते, आणि त्यात तो एक शब्दही बदलायला तयार नव्हता.

खोप एका उतारावर मांडलेली होती. भोकाच्या डाव्या अंगाला तळ दोन पुरुष खोल, आणि त्यावर त्याने अंड्यांची टरफले टाकून ठेवली होती. पांढऱ्यावर माशाची पाठ उठून दिसते. उजव्या अंगाला तळ एकदम तुटत असे. तिकडे नुसता काळोख.

त्याने आपला लाकडी मासा पाण्यात सोडला. वीतभर लांब, सीडर लाकडाचा, पोटात शिसे ओतलेला, शेपटी जराशी वाकवलेली. दोरी दोन बोटांत धरून हलका झटका दिला की तो गोल फिरतो, आणि कुठूनतरी पाइक मासा बघायला येतो. त्याला भूक असतेच असे नाही. तो बघायला येतो, आणि तेवढे पुरते. सात काट्यांचा भाला फेकायचा नसतो. तो नुसता सोडायचा असतो.

पाऊण तास गेला. मग उजवीकडच्या काळोखातून एक लहान मासा वर आला आणि अर्विडच्या माशाभोवती फिरू लागला. लाल डोके, पांढरे अंग. तो सावकाश एक फेरी घेई, थांबे, पुन्हा एक फेरी घेई. तिसऱ्या फेरीला अर्विडच्या लक्षात आले की त्याचे कल्ले रंगवलेले आहेत.

तोही लाकडाचा होता. कोणाचा तरी तुटून हरवलेला असेल, असे म्हणेपर्यंत तो पुन्हा फिरला, आणि अर्विडला त्याची दोरी दिसली. केसासारखी बारीक, ताणलेली. ती वर येत नव्हती. माशाच्या पोटातून निघून ती तिरकी खाली, काळोखाच्या बाजूला गेली होती.

झटका बसला. मासा फिरला.

२

बाहेर येऊन त्याने चारी दिशा पाहिल्या. सर्वांत जवळची खोप पाव मैलावर, आणि तिच्या धुराड्यातून धूर नव्हता. प्रवाहाने ओढलेली दोरी ताठ दिसू शकते, हे त्याने स्वतःला समजावले. पण लिटल अँटलरला प्रवाह नाही. शिवाय लाकडाला शिसे नसेल तर ते वर तरंगू पाहते आणि त्याला खाली धरून ठेवावे लागते. प्रवाह धरून ठेवत नाही, झटके तर मुळीच देत नाही.

दुपारी तो ऑर्व्हिल हॉगेनच्या लोखंडी सामानाच्या दुकानात गेला. ऑर्व्हिल त्याचा चाळीस वर्षांचा सोबती. खोप दोघांची होती. सोमवार ते शुक्रवार अर्विड बसे, शनिवार ऑर्व्हिलचा. दुकानाच्या मागच्या भागात कॉफीचे भांडे दिवसभर उकळत असे आणि ती कॉफी पिणे हा ऑर्व्हिलच्या मैत्रीचा कर होता.

“काय म्हणतोय बर्फ?” ऑर्व्हिलने विचारले.

“शांत आहे.”

“मग या आठवड्याला काय छापणार? मागच्या वर्षीचंच छाप ना. ‘धीर धरा, लाकूड हातानं कोरा, रेडिओ घरी ठेवा.’ एकतीस वर्षं एकच सदर चाललंय तुझं, फक्त त्यातले मासे नवीन असतात.”

“खोपेत रेडिओ लावणारा माणूस मासा मारत नाही. तो मासा येईपर्यंत वेळ मारतो.”

“बघ, हेही छापलंयस तू. एकोणसत्तर साली.” ऑर्व्हिलने त्याच्याकडे नीट पाहिले. “तोंड का असं झालंय रे? कॅरनचा फोन आला होता का?”

आला होता. कॅरन ही अर्विडची एकुलती मुलगी, डुलुथच्या इस्पितळात परिचारिका. ऑक्टोबरात अर्विडच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, आणि नोव्हेंबरात हरणांच्या हंगामात तो मचाणाच्या शिडीवरून चार फूट घसरला. तेव्हापासून ती शांत, गोड आवाजात बोलत होती, आणि त्या आवाजाची अर्विडला धास्ती वाटे. येत्या रविवारी ती येणार होती. बर्फावर एकट्याने जायचे की नाही, ट्रक ठेवायचा की नाही, हे ‘दोघांनी मिळून’ ठरवायचे होते.

“रविवारी येतेय,” तो म्हणाला.

“मग तोपर्यंत जरा माणसासारखा वाग. तिला एवढंच दिसू दे की तुझं डोकं ठिकाणावर आहे. पायांचं मी बघतो.”

अर्विडने कॉफी संपवली आणि लाल डोक्याच्या माशाबद्दल काही बोलला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने पाहिलेली गोष्ट सांगायची टाळली होती. डोळ्यांचा दोष म्हणून ती टाळता आली असती, आणि नेमके तेच तर कोणी म्हणायला नको होते.

३

बुधवारी दुसरा मासा आला.

हा हिरवा होता, पाठीवर पिवळे ठिपके, अधिक लांब, अधिक जिवंत. कालच्या माशाची फेरी गोल होती. याची लांबट होती आणि वळणावर तो किंचित डगमगे, जखमी पर्च माशासारखा. अर्विडने आपले आमिष वर काढून घेतले. त्याबरोबर खालचा मासाही मंदावला. त्याने आपले पुन्हा सोडले. खालचा उत्साहाने फिरू लागला.

एरवी सरोवर सकाळभर बोलत असते. बर्फ ताणते, आकसते, आणि मैलभर लांबून ढगांसारखा गडगडाट पायाखालून निघून जातो. त्या आवाजात अर्विडला झोपही लागे. हिरवा मासा फिरत असेपर्यंत तो आवाज आला नाही. शेगडीतले लाकूड फुटले तेवढेच.

तो विचार करत बसला, आणि विचार करणे हा त्याचा धंदाच होता. पाइक येतो, लांबून बघतो, जवळ येत नाही, निघून जातो. दुसऱ्या दिवशी शहाणा माणूस काय करतो? आमिष बदलतो. भडक रंगाने घाबरला असेल तर साधा रंग देतो. गती कमी करतो. मासा किती जवळ आला होता आणि कुठे बिचकला, हे लक्षात ठेवतो. अर्विडने या विषयावर तीन हप्ते लिहिले होते.

त्याने पाहिले की आपण स्टुलावरून पुढे सरकून गुडघ्यांवर आलो आहोत. दोन्ही तळवे भोकाच्या कडेवर होते आणि नाक पाण्यापासून वीतभर.

तो मागे सरकला. अगदी सावकाश, खाली कोणाला हालचाल दिसू नये अशा बेताने. मागे सरकल्यावर त्याला जाणवले की हाच बेत बिचकलेल्या माशाचा असतो.

४

गुरुवारी तो जाणार नव्हता. सदर लिहून द्यायचा तो दिवस. पण सकाळी सातला तो ट्रकमध्ये होता, आणि का जातो आहेस असे कोणी विचारले असते, तर बघायला, एवढेच त्याला सांगता आले असते.

साडेनऊच्या सुमाराला टरफलांवर सावली आली. ती उजवीकडून येऊन डावीकडे सरकली, सरकतच राहिली, आणि तरीही तिची शेपटी अजून काळोखात होती.

पाइक. साडेचार फूट, कदाचित अधिक. एकसष्ट वर्षे अर्विड पाण्यात बघत होता आणि असा मासा त्याने पाहिला नव्हता. त्याच्या वडिलांनीही पाहिला नव्हता. खालचा जबडा बुटासारखा पुढे आलेला, पाठीवर फिकट ठिपक्यांच्या रांगा, पर स्थिर. तो भोकाच्या बरोबर मध्यावर आला, भाल्याच्या बरोबर खाली, आणि थांबला.

अर्विडचा हात भाल्यावर गेला. काटे आवाज न करता पाण्यात उतरले. आता फक्त बोटे उघडायची होती. हात स्थिर होता, आणि त्याही क्षणी त्याला त्या हाताचा अभिमान वाटला.

मासा वळला. हळूहळू, एका अंगावरून दुसऱ्या अंगावर, कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकापुढे ठाण उलगडावे तसा. पांढरे पोट, मग सोनेरी कूस, मग पुन्हा पाठ. मासे असे वळत नाहीत.

अर्विडने कल्ल्यांकडे पाहिले. पाण्यात उभा राहिलेला मासा श्वास घेतो; कल्ल्याची झाकणे उघडतात, मिटतात, जिवंत असेपर्यंत उघडतात, मिटतात. त्याने मनात साठ आकडे मोजले. ती झाकणे हलली नाहीत.

मग त्याला भाल्याची दोरी आठवली. तिचे दुसरे टोक नेहमी खोपेच्या खांबाला बांधतात. पण थंडीत आखडलेल्या बोटांना गाठ मारवत नाही, म्हणून या सरोवरावरचे जुने लोक तिचे दोन वेढे मनगटाला घेतात आणि काम भागवतात. दहा पौंडांच्या माशापुढे त्याने काही बिघडत नाही. अर्विडच्या उजव्या मनगटावर दोन वेढे होते.

त्याने भाला वर घेतला. वेढे सोडवले. मासा तिथेच राहिला, अंग दाखवत, दुपारपर्यंत. दुपारी तो बुडाला नाही की पोहत गेला नाही; जसा आला होता त्याच वाटेने, शेपटीकडून, मागे ओढला गेला.

५

त्या आठवड्याचे सदर त्याने दिले नाही. टंकलेखन यंत्रावर बसून त्याने सर्व लिहिले होते: वेळ, खोली, रंग, दोरीची दिशा. लिहून झाल्यावर त्याने ते वाचले. एकही शब्द फुगवलेला नव्हता, आणि ज्याने कोणी हे वाचले असते त्याने रविवारची वाट न पाहता कॅरनला फोन केला असता. कागद त्याने फाडले नाहीत. टेबलाच्या खणात ठेवले.

शुक्रवारी सकाळी भोकात काही आले नाही. टरफले, हिरवट उजेड, काळोख. अकरापर्यंत तो बसला, आणि बसल्या बसल्या त्याला हेही समजले. मासा बिचकला की आमिष काही काळ नजरेआड करायचे. मग त्यालाच राहवत नाही. तो आपणहून आत येतो. अर्विडला राहवत नव्हते हे खरेच होते.

संध्याकाळी पाचला ऑर्व्हिल स्वतः त्याच्या घरी आला. त्याच्या हातात लांब दांड्याचा, जाड काट्यांचा भाला होता. स्टर्जन माशासाठी वापरतात तो. त्याचा चेहरा दहा वर्षांनी लहान झाला होता.

“लबाड म्हाताऱ्या,” तो दारातूनच म्हणाला. “म्हणे शांत आहे. दुपारी लाकडं टाकायला गेलो होतो खोपेत. म्हटलं, पाच मिनिटं बसावं. पाहिला मी तो.”

अर्विडने त्याला बसायला सांगितले, राईची भाकरी आणि बरणीतला मुरवलेला पाइक पुढे ठेवला. ऑर्व्हिल खायच्या मनःस्थितीत नव्हता.

“साडेचार फूट. मी म्हणतो पाच. कधीपासून माहितेय तुला?”

“त्याचे कल्ले पाहिलेस?”

“काय?”

“कल्ले. हलत होते का?”

“अर्विड, तीस पौंडांचा मासा समोर आहे आणि मी त्याचे कल्ले बघू? त्याची नाडी पण बघायची होती का? भाला हातात नव्हता म्हणून, नाहीतर आत्ता तो या टेबलावर असता. उद्या माझा दिवस आहे. दुपारी दुकान बंद केलं की मी खोपेत.”

तेव्हा अर्विडने सांगितले. मंगळवारपासून, क्रमाने, जसे लिहिले होते तसे. खणातले कागद काढून समोर ठेवले. ऑर्व्हिलने पहिले पान वाचले आणि बाकीचे उलटे ठेवले.

“तू हे छापणार होतास?”

“नाही.”

“बरं झालं.” ऑर्व्हिलचा आवाज मऊ झाला होता. “हे बघ, डोळा कापलाय तुझा. तासन् तास काळोखात बसतोस. मलाही एकदा खाली माझी मेलेली मावशी दिसली होती, तो जाळ्याचा तुकडा निघाला.”

“तूही पाहिलास ना मासा?”

“मी मासा पाहिला. दोरी तू पाहिलीस.”

“उद्या जाऊ नकोस.”

“का? तुला हवाय म्हणून? तसं सांग सरळ. अर्धा अर्धा करू, छापताना तुझं नाव वर टाक.”

“मला नकोय. कोणालाच नकोय. त्याला आपण हवे आहोत, ऑर्व्हिल. मी फसलो नाही. तू फसशील. तू नेहमी आधी भाला सोडतोस आणि मग बघतोस.”

ऑर्व्हिल उठला. टोपी घातली, कान झाकले. “एवढं ऐकून मी कॅरनला सांगितलं नाही, तर रविवारी तीच मला जाब विचारेल. सांगू तिला?”

“सांग,” अर्विड म्हणाला. “पण खोपेत बसू नकोस.”

“उद्या दुपारी,” ऑर्व्हिल म्हणाला.

६

शनिवारी सूर्य उगवला तेव्हा तापमान उणे पंचवीस होते. अर्विडने खोपेभोवतीचे गोठलेले बर्फ पहारीने फोडले, शेगडी विझवून राख टाकली, खोपेखालच्या लाकडी घसरपट्ट्यांना साखळी लावली आणि ट्रकने खोप ओढून तीनशे पावलांवर नेऊन सोडली. भागीदाराला न विचारता हंगामात खोप हलवणे ही या सरोवरावर चोरीच्या पलीकडची गोष्ट समजतात. अर्विडने स्वतः तसे छापलेले होते.

ओढताना त्याने आत पाहिले नाही. परत येऊन पाहिले तेव्हा भोक उघड्या उजेडात होते, आणि त्यात काहीच दिसत नव्हते. हे त्याला ठाऊक असायला हवे होते. अंधार काढून घेतला की पाणी काळे होते. वरच्याला खालचे दिसत नाही. खालून मात्र आता आभाळाचा एक चौकोन दिसत असणार, आणि त्या चौकोनाच्या कडेला, कानटोपी घातलेला, वाकून बघणारा तो.

त्याने फावड्याने हिम लोटून भोकात भरले. हिमाचा चिखल लवकर गोठतो. रीतीप्रमाणे चार कोपऱ्यांना स्प्रूस झाडाच्या फांद्या रोवल्या, म्हणजे वाट चुकलेला माणूस पातळ बर्फावर पाय देणार नाही. फांद्यांनी ऑर्व्हिल थांबणार नव्हता. त्याच्याजवळही पहार होती आणि पातळ बर्फ फोडायला त्याला पाच मिनिटे लागली असती. म्हणून अर्विडने बादली पालथी घातली, हातभर अंतरावर ठेवली आणि तिच्यावर बसला. चार बोटे बर्फ झाले की ते माणूस पेलते, आणि करवतीशिवाय उघडत नाही. संध्याकाळपर्यंत होईल. एखाद्या हरणासाठी तो याहून अधिक बसला होता.

बारा वाजून गेल्यावर ऑर्व्हिलची बर्फगाडी आली. तिने खोपेकडे एक वळण घेतले, मग भोकाकडे आली, बंद झाली. वाऱ्यातून आल्यामुळे त्याच्या मिशांचे लोलक झाले होते आणि भुवया पांढऱ्या.

त्याने फांद्या पाहिल्या, बादली पाहिली.

“चाळीस वर्षं,” तो म्हणाला.

“बेचाळीस.”

“माझी शेगडी आहे त्या खोपेत. माझी अर्धी लाकडं आहेत. तू ऊठ.”

“नाही.”

“मी तुला उचलून बाजूला ठेवू शकतो.”

“ठेव. मी परत येऊन बसेन. तू दिवसभर मलाच उचलत बसशील, तुझं मासे मारणं राहील.”

एरवी ऑर्व्हिल यावर हसला असता. त्याने पहार हातात घेतली, दोन पावले पुढे आला, आणि अर्विड पाय न हलवता फक्त त्याच्याकडे बघत राहिला. त्या बघण्यात काय होते कोण जाणे. ऑर्व्हिलने पहार बर्फावर टाकली.

“तुला एक सांगू? मला त्या माशाचं काही नाही. पण तुझं असं झालेलं मला बघवत नाही. कॅरनला मी सकाळीच फोन केलाय. निघालीये ती. तुला घेऊन जाईल आणि परत इथं येऊ देणार नाही, आणि मी मध्ये पडणार नाही.”

“पडू नकोस.”

“त्यानंतर दुकानातही येऊ नकोस.”

बर्फगाडीचा आवाज काठापर्यंत गेला आणि विरला. अर्विडने पहार उचलून भोकावरच्या नव्या बर्फाला टोकाने हलकेच स्पर्श केला. एक बोट. त्याने थर्मासमधली कॉफी ओतली. तिच्यावर लगेच साय धरल्यासारखा पातळ थर आला. त्याने गमावण्यासारखे होते ते गमावून झाले होते, आणि त्यामुळे एक प्रकारची स्वस्थता आली होती. ऑर्व्हिल घरी होता. ऑर्व्हिल उद्याही घरी असणार होता.

सरोवर शांत होते. सकाळपासून एकदाही बर्फ गडगडले नव्हते.

७

अडीचच्या सुमाराला कॅरन आली.

तिची लाल लोकरी टोपी त्याने लांबूनच ओळखली. ती गाडी बर्फावर कधी आणत नसे. काठाला ठेवून अर्धा मैल चालत आली होती. भोकाच्या पलीकडच्या कडेला, फांद्यांच्या शेजारी ती थांबली. आता दोघांच्या मध्ये तो चौकोन होता.

“बाबा,” ती म्हणाली. “किती वेळ बसलात?”

“सकाळपासून.”

“ऑर्व्हिलकाकांनी सांगितलं मला सगळं.” तिचा तो शांत, गोड आवाज नव्हता. लहानपणी, हरणाच्या मागावर त्याच्या पावलात पाऊल टाकून येताना ती बोले, तसा साधा आवाज होता. “मी रागावले नाहीये. तुम्ही पाहिलं म्हणता, तर पाहिलं असणार. तुम्ही कधी नसलेलं सांगितलंय का?”

अर्विडने पहार बाजूला ठेवली. हे वाक्य ऐकायला त्याने किती दिवस वाट पाहिली होती, ते त्याला आत्ताच समजले.

“ट्रक तुमचाच राहू दे,” ती म्हणाली. “घरही. मी इस्पितळात सांगून टाकते, बदली इकडे मागते. आपण दोघं बसू खोपेत. मला कोरायला शिकवा. पण आता उठा. हात द्या मला.”

तिने हात पुढे केला. भोकावरून, सरळ. हातमोजा काढलेला होता. उठून, एक पाऊल पुढे टाकून, वाकले असते तर तो हात हातात आला असता.

त्याने गुडघ्यांवर हात टेकले. उठण्यासाठी जोर दिलाही. आणि तसाच, अर्धा उठलेला, तो थांबला. कारण इतक्या वर्षांत त्याच्या डोळ्यांना एकच सवय लागली होती, आणि आवडत्या माणसासमोरही ती सुटत नव्हती.

उणे पंचविसात अर्धा मैल चालणाऱ्या माणसाच्या श्वासाचे बर्फ होते. मफलर तोंडाशी पांढरा पडतो. पापण्या चिकटतात, टोपीखालून निघालेले केस राखेच्या रंगाचे होतात. त्याच्या स्वतःच्या दाढीत या घटकेला बर्फाचे खडे होते.

तिचा मफलर तोंडापर्यंत गुंडाळलेला होता. तो निळा होता. त्यावर एकही पांढरा कण नव्हता. पापण्या काळ्याभोर आणि कोरड्या.

कदाचित ती गाडीत बसून राहिली असेल. कदाचित ऑर्व्हिलने तिला बर्फगाडीवर अर्ध्या वाटेत सोडले असेल. वारा पडला असेल. मोतीबिंदू काढलेल्या डोळ्याला बारीक कण दिसत नसतील. कारणे होती. एकेक कारण त्याने हातात घेऊन तपासले आणि बाजूला ठेवले, आणि त्यातले एकही खोटे आहे असे त्याला म्हणता येईना.

“बाबा,” कॅरन म्हणाली, आणि जराशी वळली. आधी एक खांदा, मग दुसरा. “दमलात ना?”

“दमलोय,” अर्विड म्हणाला.

तो पुन्हा बसला. मग उठल्यासारखे न करता, बसल्या बसल्या, टाचांनी रेटा देत त्याने बादली भोकापासून आणखी हातभर मागे नेली. पहार मांडीवर आडवी घेतली. बर्फ दोन बोटे झाले असेल; दोन बाकी होती. सूर्य मावळायला अजून तीन तास होते.

ती हात पुढे करून उभी होती. तो हात खाली आला नाही, आणि उघड्या बोटांचा रंग बदलला नाही.

ती कॅरन असेल, तर थोड्याच वेळात तिचे दात वाजू लागतील. ती पाय आपटील, बोटांवर फुंकर घालील, त्याच्यावर ओरडेल, वळून काठाकडे निघून जाईल आणि त्याला कधी क्षमा करणार नाही. हे सर्व व्हावे अशी अर्विडची मनापासून इच्छा होती. त्याने दाढीतले बर्फ पुसले आणि तिच्यावरची नजर न हलवता, तिला थंडी वाजण्याची वाट बघत तो बसून राहिला.